तीन नंबरच्या प्रेसची किल्ली

३ जून

आजपासून कारखाना माझा. पत्र्याची कपाटं आणि लॉकर बनवणारा हा कारखाना चार वर्षं कसाबसा रांगतोय, आणि अध्यक्षांच्या शेवटी लक्षात आलं की त्याला मॅनेजर नको, कर्णधार हवा. म्हणून मी. सतरा वर्षं व्यावसायिक फुटबॉल, त्यातली नऊ कर्णधार म्हणून, बचावफळीच्या मधोमध. लोक मला ‘भिंत’ म्हणायचे. गुडघा गेला तेव्हा याच कंपनीच्या जाहिरातीत लॉकरला टेकून उभा राहिलो. तिथून विक्री विभागात, मग त्या विभागाचा प्रमुख, आणि आता मुख्याधिकारी. पुढेमागे आत्मचरित्र लिहायचंच आहे, तेव्हा नोंदी ठेवलेल्या बऱ्या.

पहिली बैठक झाली. आठ माणसं, आठ वह्या, सगळ्यांचा मिळून एक चेहरा. हिशेबवाल्याने बावन्न तक्ते दाखवले. बावन्नाव्यात जे होतं ते मला पहिल्यातच कळलं होतं : आपण हरतोय. पण एकाच्याही तोंडावर हरल्याचं दुःख नाही. आम्ही हरलो की ड्रेसिंग रूममध्ये बूट भिरकावले जायचे. इथे बिस्किटांची बशी फिरली.

बायकोला सांगितलं. ती फिजिओथेरपिस्ट आहे. माझा गुडघा आधी तिच्याकडे आला, मागून मी. म्हणाली, “त्या आठांतला एकजण तरी तुझ्यापेक्षा पत्रा जास्त ओळखत असेल. त्याला शोध.”

पत्रा काय ओळखायचाय? पत्रा म्हणजे पत्रा.

७ जून

कारखान्यातून फेरी मारली. प्रेस विभाग पाहण्यासारखा आहे. सहा प्रेस ओळीने उभी. कामगार पत्रा दोन्ही हातांनी धरून आत सरकवतो, पायाने पेडल दाबतो, वरचा जबडा खाली येतो आणि पत्र्याला काटकोनात घडी पडते. पुढे वेल्डिंग, मग रंगाची भट्टी. सगळे काम टाकून माझ्याभोवती जमले. फोटो, सह्या, ‘साहेब, तो उपांत्य सामना!’ वगैरे. बरं वाटलं.

फक्त तीन नंबरच्या प्रेसवरची बाई जागची हलली नाही. तिशीची असेल, केस रुमालात घट्ट बांधलेले. मी जवळ गेलो तर माझ्याकडे न बघता म्हणाली, “साहेब, त्या पिवळ्या पट्ट्याच्या मागे उभे राहा.”

साठ हजार प्रेक्षकांसमोर मला कुणी मागे हो म्हटलेलं नाही. मी हसून घेतलं. ती हसली नाही.

सोबत सुरक्षा अधिकारी होता. वाळका गृहस्थ, साठीला आलेला, काखेत कायम एक रजिस्टर. आयुष्यात चेंडूला पाय लावला नाही आणि शिट्टी मात्र गळ्यात, अशा जातीच्या रेफरीची आठवण झाली. मी त्याचं नावच ‘शिट्टी’ ठेवलं. प्रत्येक प्रेसच्या तोंडाशी प्रकाशाचा पडदा आहे, हे त्याने मला वीस मिनिटं समजावलं. डोळ्यांना न दिसणारे किरण असतात म्हणे. त्यांत हात आला की प्रेस जागच्या जागी थांबतं. पडदा बंद करायची किल्ली एकच आहे, ती त्याच्याकडे असते, आणि फक्त दुरुस्तीच्या वेळी निघते. हे सांगताना त्याने खिसा असा चाचपला की मला वाटलं, तिजोरीच आहे आत.

१२ जून

लीग सुरू केली! सकाळपाळी विरुद्ध दुपारपाळी, आणि प्रत्येक प्रेसचं वेगळं गुणपत्रक. दाराशी मोठा फलक लावला. जिंकणाऱ्या पाळीला शनिवारी तासभर लवकर सुट्टी. दहा मिनिटांचं भाषण केलं. टाळ्या पडल्या. आठ वह्यांपैकी एकीलाही चार वर्षांत हे सुचलं नव्हतं. यांना पगार कशाचा देतात?

२१ जून

आज एक गाठ सोडवली. सकाळपाळीत सहाही प्रेस मिळून एकतीस वेळा थांबली. मोठ्या कपाटाचा पत्रा रुंद असतो, वळवताना त्याचा कोपरा किरणांत जातो. पडद्याला पत्रा आणि हात यांतला फरक कळत नाही, तो बंद. मग पत्रा बाहेर काढा, बटण दाबा, पुन्हा सुरू करा. मैदानात दर दोन मिनिटांनी शिट्टी वाजली तर कुणी खेळेल का?

खऱ्या शिट्टीला बोलावलं.

“किल्ली द्या.”

“कशासाठी, साहेब?”

“खेळ चालू राहावा म्हणून.”

“त्यापेक्षा पत्रा धरायला आधार बसवू. मग कोपरा आत येणार नाही. मी दोन वर्षांपूर्वीच लिहून दिलंय. तीन आठवड्यांचं काम आहे.”

“तोवर अर्धी लीग संपेल.”

त्याने खिशातून किल्ली काढली. मग रजिस्टर उघडून म्हणाला, “किल्ली घेतल्याची सही लागेल.” मी ऐटीत सही ठोकली आणि विचारलं, “घरच्यांसाठीही एक देऊ का?” त्याने रजिस्टर मिटलं आणि गेला. विनोदाचं अंग नाही माणसाला.

किल्ली फोरमनच्या हातात दिली. “खेळ थांबता कामा नये,” एवढंच म्हणालो. फोरमन समजूतदार आहे. लगेच मान हलवली.

२८ जून

एका दिवसात चारशे बारा कपाटं! कारखान्याच्या इतिहासात कधी झालं नव्हतं. अध्यक्षांचा फोन आला. “भिंतीला पाय फुटले म्हणायचे!” असं काहीसं म्हणाले आणि स्वतःच हसले. फार हुशार माणूस नाही, पण पारख आहे.

एका व्यवस्थापन संस्थेने पुढच्या महिन्यात भाषणाला बोलावलंय. विषय : ‘संघभावना’.

९ जुलै

दुपारी दहा मिनिटं तीन नंबर बंद. जाऊन बघतो तर बाईने स्वतःच बंद केलेलं आणि हाताची घडी घालून उभी. म्हणे पडदा बंद आहे. दोन शब्दांत तिला समजावलं. माणसांशी बोलायची एक हातोटी असते. ती तक्ते बघून येत नाही. आजूबाजूचे सगळे हसले, वातावरण हलकं झालं, ती कामाला लागली. संध्याकाळी फलकावर तीन नंबर सगळ्यांत वर! हीच तर गंमत आहे. माणसाला टोचल्याशिवाय त्याला आपली ताकद कळत नाही.

१८ जुलै

भाषण रंगात आलं होतं. ‘सहकाऱ्याचा विश्वास’ या मुद्द्यावर आलो आणि खिशातला फोन थरथरायला लागला. दोनदा कापला. तिसऱ्यांदा व्यासपीठावरच घेतला. फोरमन होता. नीट बोलतही नव्हता.

तीन नंबरवाली. पत्रा तिरका गेला म्हणून सरळ करायला तिने हात आत घातला, आणि पाय पेडलवर होता तो दाबला गेला. उजव्या हाताची दोन बोटं. अंगठ्याजवळची.

भाषण पूर्ण केलं. बाराशे माणसं बसलेली, मध्येच कसा उतरणार? टाळ्या नेहमीसारख्याच पडल्या.

कारखान्यात पोचलो तेव्हा सहाही प्रेस बंद होती आणि कामगार भिंतीशी उभे. कुणी माझ्याजवळ आलं नाही. तीन नंबरखालची फरशी धुतलेली होती, अजून ओली. फोरमन म्हणाला, “साहेब, तिचं लक्ष नव्हतं.” मी म्हणालो, “असेल.”

१९ जुलै

इस्पितळात गेलो. प्रसिद्धी विभागाने फुलांचा गुच्छ आणि फोटोग्राफर बरोबर दिला होता. फोटोग्राफरची कल्पना माझी नव्हती. ती झोपली होती, निदान डोळे मिटलेले होते. हात मनगटापर्यंत पांढऱ्या गोळ्यात गुंडाळलेला. उशाशी तिची म्हातारी आई. तिला कमी दिसतं. माझ्या अगदी तोंडाशी तोंड आणून विचारलं, “हे कोण?”

फोटोग्राफर म्हणाला, “आजी, हे ‘भिंत’!”

“भिंत?” म्हातारी म्हणाली. “मग फुलं कुणी आणली?”

गुच्छ खुर्चीवर ठेवला आणि निघालो. फोटो चांगला आला नाही म्हणे.

२३ जुलै

कंपनीच्या वकीलबाई आल्या. अत्तराचा वास आणि एक टाइप केलेला कागद. कारखाना निरीक्षकांच्या चौकशीसाठी माझा जबाब त्यांनीच लिहून आणलाय. ‘सदर कामगार महिलेने गुण वाढवण्याच्या हेतूने परस्पर किल्ली मिळवून पडदा बंद केला असावा.’

“असावा?” मी विचारलं.

“असावा म्हटलं की खोटं होत नाही,” वकीलबाई म्हणाल्या. “फोरमननी सही केलीय. अध्यक्षांचंही हेच मत आहे. तुमचं नाव मोठं आहे, सर. एका अपघातापायी ते चिखलात कशाला?”

कशी माणसं असतात! तरी कागद परत दिला नाही. खणात ठेवला.

२४ जुलै

खरं लिहायचं तर सकाळी कागद बाहेर काढला होता. पेनाचं टोपणही उघडलं होतं. तेवढ्यात शिट्टी आत आला, न विचारता. रजिस्टर काखेत नव्हतं. पहिल्यांदाच त्याला त्याच्याशिवाय पाहिलं. कपडे न घातल्यासारखा दिसत होता.

“रजिस्टर निरीक्षकांच्या ऑफिसात दिलं,” म्हणाला. “एकवीस जूनचं पान आहे त्यात. मुद्दाम सांगायला आलो. मागून कळलं असतं तर तुम्हाला वाटलं असतं मी पाठीमागे काहीतरी केलं.”

“मला कात्रीत पकडायला आलात?”

“तुम्हाला?” त्याने माझ्याकडे असं पाहिलं की उभ्या आयुष्यात माझ्याकडे कुणी तसं पाहिलं नसेल, राग नाही, भीती नाही, जशी एखादी मोडकी खुर्ची बघतात. “साहेब, किल्ली मी दिली. नको म्हणायला हवं होतं. तुमची ऐट बघून गप्प बसलो. माझ्या वहीत मला हे लिहायचंय. तुम्ही तुमचं बघा.”

तो गेल्यावर कागद पुन्हा खणात टाकला. त्या वाळक्या म्हाताऱ्यापुढे मी काय होतो आज?

२५ जुलै

तीन नंबरवालीच्या घरी गेलो. विचारपूस करायला असं बायकोला सांगितलं. मनात होतं की रजिस्टर तर गेलंच आहे. निदान ती आपल्याबद्दल बरं बोलली तर फरक पडेल. वहीत तरी हे लिहून टाकतो.

तिसरा मजला. म्हातारीने दार उघडलं. “कोण?”

“कारखान्यातून आलोय.”

“परत फोटो काढायला?”

ती आत टेबलाशी बसली होती. उजवा हात उशीवर, आणि डाव्या हाताने लिहायची धडपड चालली होती. कागदावर चार ओळी, घसरत घसरत कोपऱ्यात गेलेल्या. मी आणलेला मिठाईचा खोका टेबलावर ठेवला.

“उचला तो,” ती म्हणाली. “जागा लागते.”

मी उचलून मांडीवर घेतला. वाटेत भाषण तयार केलं होतं. “हे बघा, आपण सगळे एक संघ...”

“तुमचं अक्षर लागतं का?”

“म्हणजे?”

“वाचता येण्यासारखं आहे का? उद्या निरीक्षकांकडे जबाब द्यायचाय. आईला दिसत नाही. शेजारीण गावाला गेलीय. सकाळपासून माझ्या या चार ओळी झाल्यात. मी सांगते, तुम्ही लिहा.”

वाटलं, थट्टा करतेय. तिने कोरा कागद माझ्याकडे सरकवला.

लिहायला बसलो. नाव, वय, अकरा वर्षांची नोकरी. मग ती म्हणाली, “‘नऊ जुलैला मी प्रेस बंद केलं आणि मुख्याधिकाऱ्यांना सांगितलं की पडदा बंद आहे, अशा मशिनवर मी काम करणार नाही.’ झालं?”

“झालं.”

“‘तेव्हा ते सगळ्यांसमोर म्हणाले, बोटांची एवढी काळजी असेल तर पॅकिंगला जाऊन बस. तिथे म्हाताऱ्या पुठ्ठ्यांच्या घड्या घालतात.’”

माझा हात थांबला. “मी असं म्हणालो?”

“तुम्हीच. मग म्हणालात, मी मोडलेल्या बरगडीने नव्वद मिनिटं खेळलोय. बरगडी परत जुळते, असं मी म्हणणार होते. पण सगळे हसत होते.” तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. “लिहा पुढे. ‘असं म्हणून त्यांनी मला हिणवलं. मला लाज वाटली म्हणून मी पुन्हा प्रेस सुरू केलं.’”

लिहिलं. ती म्हणाली, “वाचा.”

वाचलं. “...असं म्हणून त्यांनी मला प्रोत्साहन दिलं.”

आतून म्हातारी म्हणाली, “काय दिलं?”

“खोडा,” ती म्हणाली. “हिणवलं. ह, ण, व, ल. येतं ना?”

खोडलं. लिहिलं. कान एवढे तापले होते की शाळेत अंगठे धरून उभा होतो तेव्हाही तापले नसतील.

मग मीच विचारलं, “किल्ली कुणी दिली, तेही लिहायचं का?”

“मी पाहिलं नाही. फोरमन फिरवायचा तेवढं पाहिलं, ते लिहा. त्याला कुणी दिली हे ज्याला माहीत असेल त्याने त्याच्या कागदावर लिहावं.”

मग तिने शेवटचं वाक्य सांगितलं. “‘मुख्याधिकारी दुष्ट आहे असं माझं म्हणणं नाही. त्याला काम कळत नाही, आणि कळत नाही हेही कळत नाही.’”

“‘त्याला’ लिहू की ‘त्यांना’?”

“त्याला.”

डाव्या हाताने सही करायला तिला दोन मिनिटं लागली. लिहून घेणाऱ्याचं नाव खाली लागतं. तिथे मी माझं घातलं. निघताना खोका म्हातारीकडे द्यायला गेलो, तर ती म्हणाली, “न्या. तुमच्याकडे खातील कुणीतरी.”

२ ऑगस्ट

परवा वकीलबाईंना कागद परत केला, सहीशिवाय. माझा जबाब मी हाताने लिहून निरीक्षकांकडे पाठवला. किल्ली मी मागितली, मी घेतली, मी दिली. अर्ध्या पानाच्या वर गेलं नाही. एवढ्या गोष्टीला अर्धंच पान लागतं!

आज पत्र आलं. चौकशी होईपर्यंत निलंबन. अध्यक्षांनी फोन घेतला नाही. आठ वह्यांपैकी एकीने निरोपाला मान वर केली नाही. आणि त्यांनी का करावी?

बायकोला सगळं वाचून दाखवलं, जबाबाची नक्कलही. ‘प्रोत्साहन’ ही जागा आली तेव्हा तिने डोळे मिटून घेतले.

“तुला ठाऊक आहे का,” ती म्हणाली, “तू कधी हरून बाहेर आलाच नाहीस. गुडघ्याने बाहेर काढलं. त्यामुळे तुला अजूनही वाटतं की सामना तू जिंकत होतास.”

“आता तरी हरलो ना?”

“तू?” ती म्हणाली. “बोटं कुणाची गेली?”

१२ ऑगस्ट

चौकशी झाली. निरीक्षक बाई जाड चष्म्याच्या, सर्दी झालेली. तीन नंबरवालीचा जबाब त्यांनी सपाट आवाजात, नाक पुसत वाचला. ‘त्याला काम कळत नाही’ हे वाक्य बाजारहाटाची यादी वाचावी तसं वाचलं. मग विचारलं, “हा लिहून कुणी घेतलाय?”

“मी.”

“आपण कोण?”

“यातला मुख्याधिकारी.”

वकीलबाई ताडकन उठल्या. “मॅडम, माझी हरकत आहे. हा जबाब दबावाखाली घेतलेला दिसतो.”

निरीक्षक बाईंनी तीन नंबरवालीकडे पाहिलं. “दबाव होता का?”

“होता,” ती म्हणाली. “त्यांच्यावर.”

मागच्या बाकावर प्रेस विभागाचे लोक होते. ते हसले. या वेळी मला कळलं कशाला हसले.

शिट्टी म्हाताऱ्याने उभं राहून आपली चूक आपल्या तोंडाने सांगितली. फोरमनने सही मागे घेतली. तासाभरात सगळं संपलं. पत्र्याला आधार बसेपर्यंत सहाही प्रेस सीलबंद राहतील. तिची नोकरी कायम, हात बरा झाला की तपासणी विभागात. कंपनीवर खटला, आणि त्यात माझं नाव पहिलं. वकीलबाई माझ्या बाजूने गेल्या तेव्हा अत्तराचा वासही माझ्याकडे न बघता गेला.

बाहेर व्हरांड्यात ती आईची वाट बघत उभी होती. आयुष्यभर एक सवय आहे : सामना संपला की समोरच्याकडे जायचं. गेलो आणि हात पुढे केला.

उजवा.

तिने माझ्या हाताकडे पाहिलं. मग स्वतःच्या बँडेजकडे. मग पुन्हा माझ्या हाताकडे. पाचही बोटं पसरलेली होती.

“हात पुढे करण्याआधी बघत जा, साहेब,” ती म्हणाली, आणि आईचा दंड धरून जिना उतरायला लागली.